बैठ, डाऊन, उभा : कुत्र्याला नेमक्या स्थिती खाऊ देऊन कशा शिकवायच्या

‘आमचं कुत्रं बसतं की’ असं कुणीही सांगतं. बसतं खरं, पण एकदा बाजूला उभं राहून बघा. दोन पावलं मागं सरकून बसतं का? एका कुशीवर कलून, एक पाय बाहेर फेकून बसतं का? पहिल्या शब्दाला बसतं, की ‘बस, बस, अरे बस म्हटलं ना’ झाल्यावर? बसणं, आडवं होणं, उभं राहणं आणि मालकाच्या डाव्या पायाला समांतर येऊन थांबणं, या चार गोष्टींना नेमका आकार कसा द्यायचा तेवढंच इथं सांगितलं आहे. शेकहँड, टाळी, गोल फिरणं यांना हात लावलेला नाही.

खाऊ दिला की कुत्रं शिकतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. खाऊ कुठं दिला यावर त्याचा आकार ठरतो, याकडं मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तोंड जिकडं जातं तिकडं मान वळते, मानेमागं खांदा जातो आणि खांदा एकीकडं गेला की बूड दुसरीकडं फिरतं. त्यामुळं कुत्रं वाकडं बसत असेल तर आधी आपला हात कुठं जातो ते तपासायचं.

खाऊ

बिस्किटानं सुरुवात करू नका. ते चावायला वेळ लागतो, चुरा फरशीवर सांडतो, कुत्रं पुढची दहा सेकंदं जमीन हुंगत बसतं आणि तेवढ्यात आपण काय शिकवत होतो ते ते विसरतं. एका सेकंदात गिळून होईल असा मऊ खाऊ हवा. साध्या पाण्यात उकडलेलं बिनहाडाचं चिकन सगळ्यात सोयीचं. वाटाण्याएवढे तुकडे करा, लहान जातीच्या कुत्र्यासाठी त्याच्या निम्मे. शाकाहारी घरात पनीर चालतं, अंडं चालत असेल तर घट्ट उकडलेलं अंडंही. डब्यात खाली टिश्यू पेपर घातला की तुकडे ओले होऊन एकमेकांना चिकटत नाहीत.

कोल्हापूरकरांना एक वेगळी सूचना. रविवारी तांबड्या-पांढऱ्यासाठी शिजवलेल्या भांड्यातले तुकडे उचलून देऊ नका. ‘तांबड्यातले नाहीत हो, अळणीतले आहेत’ असं सांगितलं जातं, पण आपल्या अळणीत, म्हणजे मटण-चिकनच्या बिनतिखटाच्या पाण्यात, आलं, लसूण, कांदा आणि मीठ पडलेलं असतंच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना बाधतात. शिकवणीचं चिकन वेगळ्या पातेल्यात, नुसत्या पाण्यात उकडायचं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत आणि तासगावचे बेदाणे आपल्याकडं डब्यात असतातच, तेव्हा तो डबा वर ठेवा. चॉकलेटही नको.

किती द्यायचं? दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपर्यंत खाऊ चालतो. २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला हे साधारण ७० ग्रॅम उकडलेलं चिकन झालं. पगसारख्याला ३० ग्रॅमच्या आत ठेवा. तेवढं जेवण त्या दिवशी वाटीतून कमी करायचं. ७० ग्रॅममध्ये वाटाण्याएवढे शंभराहून जास्त तुकडे निघतात, म्हणजे तीन बैठकांना पुरून उरतात.

खाऊ खिशात ठेवू नका. कमरेला मागच्या बाजूला बटवा किंवा पाऊच बांधा. समोर बांधला की कुत्रं तुमच्याकडं बघायचं सोडून बटव्याकडं बघत तुमच्या पुढं येतं आणि डाव्या पायाशी सरळ उभं राहण्याचा पाया तिथंच बिघडतो.

खुणेचा शब्द

कुत्र्यानं नेमकी गोष्ट केली त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखा एक आवाज लागतो. क्लिकर, म्हणजे दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी, असेल तर उत्तम. नसेल तर ‘यस’ हा शब्द घ्या. ‘हां’, ‘शाब्बास’, ‘ओके’ घेऊ नका. हे शब्द फोनवर दिवसभर चाललेले असतात आणि त्यामागून चिकन येत नाही, त्यामुळं कुत्रं ते ऐकणं सोडून देतं.

पहिल्या दिवशी एवढंच करा: ‘यस’ म्हणा, मग हात बटव्यात घाला, मग तुकडा द्या. असं दहा-बारा वेळा. कुत्रं दुसरीकडं बघत असताना ‘यस’ म्हटल्यावर मान झटकन वळली की शब्द बसला. क्रम काटेकोर पाळा: आधी आवाज, मग हात. बहुतेकांचा हात ‘यस’ म्हणायच्या आधीच बटव्याकडं निघालेला असतो. कुत्रं आवाज न ऐकता त्या हातावरच नजर ठेवायला शिकतं आणि हात हलताच बसलेलं उठतं.

दुसरा शब्द सोडण्याचा. स्थिती कधी संपली हे कुत्र्याला कळलं पाहिजे, नाहीतर ते आपल्या मनानं उठतं. इथं ‘सुट्टी’ हा शब्द झकास चालतो. तो ‘ओके’सारखा उठताबसता तोंडात येत नाही आणि उच्चारही खणखणीत आहे. ‘सुट्टी’ म्हटलं की दोन पावलं मागं जा आणि कुत्र्याला हलू द्या.

जागा आणि साहित्य

गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, मग ते बसताना कलतं. रबरी चटई अंथरा, नाहीतर गोणपाट दुहेरी करून चारी टोकांना वजन ठेवा. जुन्या घरातली खरबरीत शहाबादी फरशी चालते. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर जायचं असेल तर सकाळी सातच्या आत. फरशीला पालथा हात सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचे तळवेही भाजणार.

दोन साधनं लागतात. पहिलं म्हणजे जेवायला बसायचा लाकडी पाट. त्यावर पायपुसणं किंवा गोणपाट खिळ्यांशिवाय, फेव्हिकॉलनं चिकटवा. दुसरी एक फळी. कुत्रं उभं असताना पुढच्या पंजांपासून मागच्या पंजांपर्यंतचं अंतर मोजा, त्यात एक वीत मिळवा, ती फळीची लांबी. रुंदी खांद्यांपेक्षा चार बोटं जास्त. लाकडाच्या वखारीतून १९ मिमी प्लायवूड कापून घ्या, खाली दोन पट्ट्या ठोकून जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटर उंच करा, वरून पायपुसणं. फळी रुंद केली की तिचा उपयोग संपतो. तिच्यावर वाकडं बसायला जागाच नसावी.

बैठक तीन मिनिटांची. पंधरा तुकडे मोजून घ्या, ते संपले की थांबा. दिवसातून दोन-तीन बैठका खूप झाल्या. तासभर शिकवलेल्या कुत्र्याची शेवटची चाळीस मिनिटं ढिसाळ होतात आणि तोच ढिसाळपणा त्याच्या अंगवळणी पडतो. तालमीत थकलेल्या पोराला वस्ताद नवा डाव दाखवत नाहीत, तसंच हे.

बसणं

चांगल्या बैठकीत पुढचे पंजे जागचे हलत नाहीत, मागचे पाय पुढं येऊन पोटाखाली शिरतात. वाईट बैठकीत कुत्रं मागं रेलतं आणि धपकन बुडावर पडतं. दोन्हींना आपण ‘बसलं’ म्हणतो. पण दुसऱ्या प्रकारचं कुत्रं डाव्या पायाशी बसताना दर वेळी अर्धं अंग मागं राहतं आणि पुढं ते सुधारता सुधारत नाही.

कुत्रं उभं असताना चिमटीतला तुकडा त्याच्या नाकाला टेकवा. आता हात सरळ वर न्या, तीन-चार बोटंच, आणि वर नेताना किंचित कुत्र्यापासून दूर, म्हणजे त्याच्या नाकाच्या पुढच्या दिशेला. नाक वर आणि पुढं गेलं की छाती उचलली जाते आणि मागचे पाय आपसूक आत येतात. बूड जमिनीला लागलं की त्याच क्षणी ‘यस’. तुकडा हनुवटीच्या उंचीवर, डोकं सरळ असताना, तोंडाच्या मधोमध द्या.

जवळपास सगळे शिकवणारे हात कुत्र्याच्या डोक्यावरून मागं नेतात. त्यानं कुत्रं बसतं हे खरं, पण नाकामागं जाण्यासाठी ते आधी एक पाऊल मागं टाकतं. मागं रेलणारी बैठक इथून सुरू होते. हात फार वर गेला तर ते उडी मारतं, म्हणून नाक आणि चिमटी यांत फट पडू देऊ नका.

हे हातानं जमत नसेल तर पाट वापरा. कुत्र्याचे पुढचे पंजे पाटाच्या पुढच्या कडेवर येऊ द्या आणि मग बसवा. पुढं जायला जागा नाही, मागं उतरायचं नाही, त्यामुळं मागचे पाय वर चढूनच येतात. हे फक्त पूर्ण कुत्रं बसलेल्या अवस्थेत मावेल एवढ्या पाटावरच होतं, मोठ्या अल्सेशियनला चौरंगाची फळी घ्यावी लागेल.

खाऊ दाखवून वळवणं तीनदा, फार तर पाचदा. सहाव्यांदा रिकाम्या हातानं तीच हालचाल करा, बसलं की ‘यस’, मग बटव्यातून तुकडा. ही पायरी लांबवणारेच नंतर ‘खाऊ दाखवल्याशिवाय ऐकत नाही’ अशी तक्रार करतात. कुत्र्याची काही चूक नाही. दिसणारा तुकडा हाच त्याच्यासाठी हुकूम झालेला असतो.

आडवं होणं

आडवं होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. अंगणात सावलीला पडावं तसं एका पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या एका मांडीवर, कलून, किंवा देवळापुढच्या कासवासारखं, चारी पाय दोन्ही बाजूंना सारखे. आपल्याला दुसरी हवी, कारण तिच्यातून कुत्रं एका झटक्यात उठू शकतं.

उभ्या कुत्र्यापासून सुरू करा, बसलेल्यापासून नको. तुकडा मुठीत, तळवा खाली. नाकापासून मूठ थेट खाली पुढच्या दोन पायांमध्ये न्या आणि किंचित छातीकडं ढकला. कुत्रं आधी कोपरं टेकवतं, बूड वरच राहतं, नमस्कार घातल्यासारखं. इथं घाई करून पाठीवर हात दाबू नका. दाबलं की ते वर रेटा देतं, दोघांची कुस्ती सुरू होते. दोन-तीन सेकंद मूठ तिथंच धरा. बूड खाली आलं की ‘यस’. येत नसेल तर पहिले तीन-चार वेळा नुसत्या टेकलेल्या कोपरांनाच ‘यस’ म्हणा, पुढच्या वेळी थोडं थांबा.

तुकडा जमिनीवर ठेवा, दोन पंजांच्या मध्ये, छातीजवळ. एक वीत पुढं ठेवलात तर कुत्रं त्याच्याकडं सरपटतं, सरपटताना एक पुठ्ठा कलतो. एका बाजूला ठेवलात तर त्याच्या विरुद्ध बाजूला कलतं. आडवं झालेलं कुत्रं सारखं एकाच कुशीवर जात असेल तर तुमचा तुकडा कुठं पडतो बघा. बहुधा तुम्ही उजव्या हातानं, उजवीकडून देत असता.

उभं राहणं

ही सगळ्यात दुर्लक्षित स्थिती. डॉक्टरांच्या टेबलावर, आंघोळीला, केस विंचरताना उपयोग हिचाच होतो, पण शिकवतं कुणी नाही.

बसलेल्या कुत्र्याच्या नाकाला मूठ लावा आणि हनुवटीच्या किंचित खालून त्याच्या छातीकडं ढकला. पुढं ओढायचं नाही. ओढलं की ते चालत येतं. ढकललं की पुढचे पंजे तिथंच राहतात आणि मागचे पाय उडी घेतल्यासारखे मागं जातात. पहिल्यांदा हे अर्धवट होईल, एकच पाय मागं जाईल. त्यालाही ‘यस’. तुकडा छातीच्या उंचीला, हनुवटी थोडी खाली असताना द्या. हात वर गेला की कुत्रं परत बसतं आणि आपण म्हणतो ‘याला उभं राहणं जमत नाही’. पोटाखाली हात घालून उचलू नका, बहुतेक कुत्री हात लागला की आणखी गच्च बसतात.

आता तिन्ही स्थितींची जागा एकत्र बघा. बसल्यावर तुकडा हनुवटीशी, आडवं झाल्यावर पंजांमध्ये जमिनीवर, उभं राहिल्यावर छातीशी, किंचित मागं ढकलून. ही तीन ठिकाणं चुकली नाहीत तर निम्मं काम झालं.

शब्द कोणते आणि कधी

‘बस’ हा हुकूम मराठी घरात फार वाईट. पाहुण्यांना ‘बसा’, भाजी वाढताना ‘बस बस’, पोराला ‘गप बस’, दारात ‘बस आली’. कुत्र्याच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा ‘बस’ पडतं आणि एकोणपन्नास वेळा त्याचा काही अर्थ नसतो. ‘सिट’ आणि ‘स्टँड’ जवळून ठीक आहेत, पण दोन्ही स-नं सुरू होतात. लांबून, वाऱ्यात, कुत्रं पहिल्याच आवाजावर अंदाज बांधतं. म्हणून आमची निवड: ‘बैठ’, ‘डाऊन’, ‘उभा’. तीन भाषांची खिचडी आहे, पण कुत्र्याला व्याकरणाचं काही पडलेलं नसतं. मादी असली तरी ‘उभा’च. ‘उभी’ आणि ‘उभा’ असं आलटून पालटून नको.

आजी ‘खाली बस रे सोन्या’ म्हणणार, धाकटा ‘सिट डाऊन’ म्हणणार. सिट डाऊन म्हणजे कुत्र्यासाठी दोन हुकूम एकत्र. तीन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्यांना ते पाळायला लावा. कुत्र्यापेक्षा हे काम अवघड आहे.

शब्द पहिल्या दिवसापासून बोलायचा नाही. रिकाम्या हाताच्या खुणेवर दहापैकी आठ वेळा स्वच्छ स्थिती आली की शब्द जोडा. आधी शब्द, मग अर्धा ते एक सेकंद पूर्ण स्तब्ध, मग हाताची खूण. शब्द आणि खूण एकदम आली तर कुत्रं फक्त खूण बघतं, शब्द वाया जातो. वीस-तीस वेळांनंतर ते मधल्या थांब्यातच हलायला लागेल. ‘मला कळलंय’ हे त्याचं सांगणं. त्या वेळी दोन तुकडे द्या.

शब्द एकदाच. नाही केलं तर दोन सेकंद थांबा, एक पाऊल बाजूला व्हा, परत सुरू करा. ‘बैठ, बैठ, बैठ’ म्हटलंत तर हुकूम ‘बैठबैठबैठ’ असा तीन शब्दांचा होऊन बसतो.

खरंच शब्द कळलाय का हे तपासायचं असेल तर हात पाठीमागं बांधून म्हणा. मग खुर्चीवर बसून, मग त्याच्याकडं पाठ करून. निम्मी कुत्री इथं गडबडतात, कारण ती आजवर तुमचा खांदा वाचत होती.

सहा बदल

तीन स्थिती म्हणजे सहा बदल: उभ्यावरून बैठ, बैठवरून उभा, उभ्यावरून डाऊन, डाऊनवरून उभा, बैठवरून डाऊन, डाऊनवरून बैठ. पहिल्या चारांत पुढचे पंजे खिळल्यासारखे राहिले पाहिजेत. शेवटच्या दोनांत उलटं: बूड जागेवर आणि पुढचे पंजे पुढं-मागं सरकतात. डाऊनवरून बैठ करताना कुत्र्यानं मागचे पाय पुढं ओढत आणू नयेत, पुढचे पंजे मागं घ्यावेत. मूठ नाकाजवळून वर आणि किंचित मागं, त्याच्या कपाळाच्या दिशेला न्या. बैठ शिकवताना जी हालचाल टाळा म्हटलं ती इथं बरोबर आहे.

सहा बदल सहा चिठ्ठ्यांवर लिहा, वाटीत टाका आणि निघेल तो करा. न चुकता बैठ-डाऊन-बैठ-डाऊन करत राहिलं की कुत्रं पाढे म्हणायला लागतं. मग ‘उभा’ म्हटलं तरी आडवं होतं आणि लोकांना वाटतं ते हट्ट करतंय.

वहीत दहापैकी किती बरोबर ते लिहा. आठ किंवा जास्त: पुढची पायरी. सहा-सात: तिथंच राहा. पाच किंवा कमी: सोपं करा. आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून कुत्र्याच्या उंचीवर, बाजूनं चित्रीकरण करा. वरून बघताना आपल्याला मागचे पाय दिसतच नाहीत.

डाव्या पायाशी

कुत्र्याचा खांदा तुमच्या पायजम्याच्या डाव्या शिवणीला, अंग तुमच्या पायाला समांतर, मध्ये दोन बोटं जागा. याला हील म्हणतात. पुढं आलेलं, मागं राहिलेलं, बूड बाहेर गेलेलं, सगळं चुकीचं.

कुत्र्याला मागचे पाय असतात हे बऱ्याच कुत्र्यांना ठाऊकच नसतं. पुढचे जातात तिकडं मागचे ओढले जातात. म्हणून पाट. पुढचे दोन पंजे पाटावर, मागचे जमिनीवर. तुम्ही समोर उभे राहा आणि पाटाभोवती अर्धं पाऊल सरका. कुत्रं तोंड तुमच्याकडं ठेवायला मागचा पाय एक इंच जरी हलवेल, ‘यस’. दोन-तीन दिवसांत ते घड्याळाच्या काट्यासारखं पाटाभोवती फिरायला लागतं. मग तुम्ही हळूहळू समोरून सरकत त्याच्या उजव्या बाजूला या. तुम्ही डावीकडं वळलात की त्याचं बूड आत येऊन तुमच्या पायाला चिकटलं पाहिजे.

आता खाऊ देण्याचा हात. डाव्या बाजूच्या कुत्र्याला डाव्याच हातानं द्यायचं, डाव्या शिवणीवर, कुत्र्याच्या तोंडाच्या सरळ रेषेत. उजव्या हातानं पोटावरून आडवं दिलंत तर तुकडा घ्यायला कुत्र्याचं डोकं तुमच्या समोर येतं, अंग कमानीसारखं वाकतं आणि बूड बाहेर. शंभर वेळा असं दिलं की शंभर वेळा बूड बाहेर काढायचा सराव झाला. उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हातानं द्यायला आठवडाभर अवघडल्यासारखं होतं, तोवर कुत्र्याशिवाय, भिंतीला खेटून उभं राहून सराव करा. भिंतीवर तोंडाच्या उंचीला खडूची खूण करा आणि हात न बघता तिथं जातो का पाहा.

दहापैकी आठ जमलं की पाट काढून तेवढाच गोणपाटाचा तुकडा ठेवा, मग तोही काढा. एकच पाऊल चाला, थांबा, द्या. मग दोन. रंकाळ्याची प्रदक्षिणा एवढ्यात नको.

थांबवणं, लांब जाणं

वेळ, अंतर आणि गोंधळ या तीन गोष्टी एका वेळी एकच वाढवा. वेळ वाढवली तर जवळ उभे राहा. लांब गेलात तर एक सेकंदातच ‘यस’. गोंधळ आला तर वेळ आणि अंतर दोन्ही कमी करा.

वेळ सरळ चढत्या क्रमानं वाढवू नका. २, ५, ३, ८, १, ६ सेकंद अशी खालीवर करा. दर वेळी अवघडच होत गेलं की कुत्रं कंटाळून उठतं.

लांबून हुकूम दिला की कुत्रं पुढं सरकतं, कारण खाऊ तुमच्याकडून येतो. ओरडून उपयोग नाही. त्याला फळीवर उभं करा, एक पाऊल मागं व्हा, ‘डाऊन’ म्हणा, झालं की ‘यस’ आणि तुम्ही चालत जाऊन त्याच्या जागेवर द्या. बोलावून हातात देऊ नका. अधूनमधून तुकडा त्याच्या मागच्या बाजूला टाका, म्हणजे मागं जाण्यातही फायदा आहे हे कळतं. एक पाऊल, दोन, तीन, पाच. फळीशिवाय करताना पुढच्या पंजांसमोर अर्धा इंची पीव्हीसी पाइप जमिनीवर ठेवा, काही दिवसांनी काढा.

लाड, साखळी आणि दुखणं

‘खाऊ देऊन लाडावेल’ ही शंका नेहमीची. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवली जायची, आणि शिकार सोडवताना चित्त्याला त्याचा वाटा द्यावाच लागायचा. चित्त्याला दम देऊन कुणी काळवीट सोडवून घेत नसे. गळ्याला आवळणारी साखळी ओढूनही कुत्रं बसतं, पण कान पाडून, तुमच्यापासून अंग चोरून, कडेकडेनं बसतं. नेमकेपणा तिथंच गेला.

खाऊ एकदम बंद करू नका. स्थिती पक्की झाल्यावर दहापैकी सगळ्यात झटपट आणि सरळ अशा पाच-सहांनाच तुकडा द्या, बाकीच्यांना फाटक उघडणं, बॉल टाकणं, ‘सुट्टी’ म्हणणं पुरतं.

कारवान किंवा मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांनी बैठवर फार अडून बसू नये. लांब मांड्या, अंगावर चरबी नाही, कडक फरशीवर बसणं त्यांना खरोखर अवघड जातं. उभा आणि डाऊनपासून सुरू करा, बैठ जाड गादीवर घ्या.

आजवर बसणारं कुत्रं अचानक बसेना, कलून बसायला लागलं किंवा डाऊनवरून उठताना कण्हलं, तर शिकवणी थांबवून जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. लॅब्रॅडॉर आणि अल्सेशियनमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं नेहमीचं आहे. पिल्लाला आठव्या आठवड्यापासून शिकवता येतं, पण एका वेळी पाच-सहा तुकडेच, आणि उंच फळीवरून उड्या नकोत.

घराबाहेर

घरात पक्कं म्हणजे रस्त्यावर पक्कं नव्हे. कुत्र्यासाठी प्रत्येक जागा नवी असते. क्रम असा ठेवा: हॉल, स्वयंपाकघर, गच्ची, जिना, पहाटेची गल्ली, मग रंकाळ्याचा पदपथ सकाळी लवकर, भेळेच्या गाड्या लागायच्या कितीतरी आधी. प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवशी दोन पायऱ्या मागं जा, हाताची खूण परत वापरा. पावसाळ्यात गच्ची गेली, रस्ते गेले, तेव्हा फळीवरचे सहा बदल घासून घ्या, त्याला चटईएवढीच जागा लागते. गणपतीत मिरवणुकीच्या वाटेवर काही शिकवायला जाऊ नका.

गल्लीतली भटकी कुत्री दिसली तर हुकूम देत बसू नका, वळा आणि निघा. भीतीनं ताठलेलं कुत्रं तुकडा तोंडात घेत नाही, आणि घेत नसेल तेव्हा ते शिकतही नाही.

म्हशींचं तसं नाही. त्या कोल्हापुरात गंगावेशीत, समोर धार काढून दूध देतात त्या दूध कट्ट्यावर एका जागी बांधलेल्या असतात, म्हणून सरावाला बऱ्या. लांबून सुरू करा. जिथं कुत्रं म्हशीकडं बघतं, पण ‘यस’वर मान वळवून तुकडा घेतं, ती आजची रेषा. तिथं पाच वेळा उभा आणि पाच वेळा बैठ घ्या, ‘सुट्टी’ म्हणा आणि घरी जा. उद्या दोन पावलं जवळ. तुकडा घेणं थांबलं की चार पावलं मागं.